सिंह नको, पंचपल्लव: कुलचिन्हामागची गोष्ट

चुलतभावाने नव्या घरासाठी कुलचिन्हाची पाटी करायची ठरवली. मोबाइलवर आडनाव टाकून मिळालेला, ढालीवरचा सिंह घेऊन आम्ही नाशिकच्या भांडी बाजारात गेलो. नावं कोरणाऱ्या काकांनी चित्र पाहून विचारलं, “तुमचं देवक काय?” देवक म्हणजे कुळाची पूज्य खूण; आमचं पंचपल्लव, म्हणजे पाच झाडांची पानं. सिंह तिथेच बाद झाला.

ढालीवरची ही चिन्हं युरोपात बाराव्या शतकात रुजली. लढाईत आणि झुंजीच्या खेळांत शिरस्त्राणाआडचा माणूस ढालीवरून ओळखू यायचा. म्हणून रंगांचा नियमही कडक: सोनेरी आणि रुपेरी हे ‘धातू’, लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही, म्हणजे लांबूनही चिन्ह उठून दिसतं. इंग्लंडमध्ये याची नोंद ठेवणाऱ्यांना तिसऱ्या रिचर्डने १४८४ साली सनद दिली. तिथे चिन्ह एका माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. आडनाव सारखं म्हणून ते कुणाचं होत नाही. आडनावागणिक चिन्हं विकणारे हे सांगत नाहीत, याची मला चीड येते.

आपल्या संस्थानिकांना असली चिन्हं मिळाली ती १८७७ च्या दिल्ली दरबारासाठी. बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलरने ती रेखाटली आणि रेशमी निशाणांवर झळकली. शिंद्यांचा नाग, गायकवाडांचं ‘जीन घर जीन तख्त’ (खोगीर हेच घर, खोगीर हेच तख्त) हे ब्रीद त्यांतच दिसतात.

पण घराण्याची खूण आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीची. शिवरायांची अष्टकोनी मुद्रा सगळ्यांना ठाऊक आहे. सामान्य घरात तेच काम देवक करत आलं. लग्नाआधी ते बसवतात, आणि देवक एक निघालं तर ते भाऊबंद, तिथे सोयरीक होत नाही. कुणाचं मोरपीस, कुणाचा कळंब, कुणाचं साळुंकीचं पीस. ढाल नाही, शिरस्त्राण नाही, तरी कोण कुणाचं हे त्यावरून कळतं.

आम्ही पाटी पितळेची घेतली. सोनेरी जमिनीवर हिरवी पानं, म्हणजे धातूवर रंग. नियमही पाळला गेला. काकूने आंबा, वड, पिंपळ, उंबर, जांभूळ अशी खरी पानं नेऊन काकांपुढे ठेवली. पिंपळाचं पान टोकावरून ओळखू येतं. बाकीच्यांसाठी काकांनी एकेक शीर वेगळी कोरली.