शुक्रवारचा वेग, रविवारचा टायर

शुक्रवारचा सराव संपला की फॉर्म्युला वनच्या वेळांचा तक्ता येतो आणि अमकी टीम तीन दशांशांनी पुढे, तमकी मागे, अशा बातम्या सुरू होतात. गॅरेजमधले स्ट्रॅटेजीवाले त्या क्रमवारीत फार अडकत नाहीत. त्यांना हवी असते समोरच्याची लाँग रन, म्हणजे टाकीत बऱ्यापैकी इंधन घालून एकाच टायरवर मारलेल्या सलग दहा-बारा फेऱ्या. पंचाईत एवढीच की त्या टाकीत नेमकं किती आहे, हे त्या टीमखेरीज कुणालाच ठाऊक नसतं. इंजिनही पूर्ण ताकदीवर चालवलेलं नसतं.

तरी हिशेब निघतो. 10 किलो इंधन म्हणजे फेरीमागे साधारण 0.3 सेकंद, सर्किटनुसार थोडं कमी-जास्त. मध्यम लांबीच्या सर्किटवर एका फेरीत दीड ते पावणेदोन किलो जळतं. म्हणजे टायर झिजलाच नाही, तर गाडी दर फेरीला 0.05 सेकंदांनी आपोआप वेगवान व्हायला हवी. बारा फेऱ्या वेळ जिथल्या तिथे राहिली, तर टायरने सहा दशांश खाल्ले. टाकीचा अंदाज चुकला तरी फेरीगणिक बदलणाऱ्या वेळेचा हा उतार फारसा चुकत नाही, म्हणून निव्वळ वेगापेक्षा त्यावर भरवसा जास्त. सराव कोणत्या वेळी झाला हेही बघावं लागतं. बहारीनला पहिला सराव उन्हात आणि शर्यत दिव्यांच्या उजेडात; त्यामुळे तिथे संध्याकाळच्या दुसऱ्या सरावातली लाँग रनच कामाची.

ही लपवाछपवी पूर्वी टाकीतच जास्त होती. 1957 साली जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगवर फांजिओ या ड्रायव्हरने मासेराती अर्ध्या टाकीवर आणि मऊ (वेगवान, पण लवकर झिजणाऱ्या) टायरवर सोडली. फेरारीवाले न थांबता पूर्ण अंतर जाणार होते. इंधन-टायरसाठीचा त्याचा थांबा लांबला आणि कमावलेली आघाडी गेली. तरीही पाठलाग करून त्याने फेरारीच्या हॉथॉर्न आणि कॉलिन्स दोघांना गाठून शर्यत मारली. पुढे बरीच वर्षं ही युक्ती अडगळीत पडली. 1982 च्या हंगामात ब्रॅबम टीमचे डिझायनर गॉर्डन मरे यांनी ती नीट आकडेमोड करून परत आणली: अर्धी टाकी, मऊ टायर आणि मध्ये ठरवून थांबा. खरी मेख गार टायरांची होती. नवा टायर तापेपर्यंतच्या एक-दोन फेऱ्यांत कमावलेले सेकंद निघून जात, म्हणून पिटमध्ये, म्हणजे गाडी थांबण्याच्या जागी, टायर गरम ठेवायची पेटी आली. आज टायरवर गुंडाळतात त्या गरम टायर ब्लँकेटमागचा विचार तोच.

1984 पासून शर्यतीत इंधन भरायला बंदी आली, 1994 मध्ये ती उठली आणि 2010 पासून पुन्हा लागू झाली. मधल्या सोळा वर्षांत थांबे टाकीवरून ठरत. 1998 ला हंगेरीत फेरारीचे रॉस ब्रॉन यांनी शूमाकरला तीन थांब्यांवर टाकलं आणि 19 फेऱ्यांत 25 सेकंदांची आघाडी काढायला सांगितलं. त्याने ती काढली. 2009 मध्ये तर पात्रता फेरीनंतर गाड्यांची वजनंच जाहीर होत. गुपितातली अर्धी मजा तिथेच गेली.

टायरच्या नियमांनी घातलेला सर्वांत मोठा घोळ 2005 चा. त्या वर्षी शर्यतीत टायर बदलायलाच मनाई होती. इंडियानापोलिसच्या एका बाजूला कललेल्या वळणावर मिशेलिनचे टायर टिकेनात आणि फॉर्मेशन लॅपनंतर, म्हणजे सुरुवातीआधीच्या फेरीनंतर, 14 गाड्या पिटमध्ये परतल्या. ब्रिजस्टोनवरच्या उरलेल्या सहांत भारताचा नरेन कार्तिकेयन चौथा आला.

2010 ला ब्रिजस्टोन उलट इतके टिकाऊ ठरले की माँझात फेटेलने 53 फेऱ्यांच्या शर्यतीत टायर बदलायचा सक्तीचा थांबा अगदी शेवटच्या फेरीआधी घेतला आणि चौथा आला. त्याच वर्षी कॅनडात टायर झिजले आणि शर्यत रंगली. 2011 मध्ये आलेल्या पिरेलीकडे मागणी झाली ती मुद्दाम झिजणाऱ्या टायरचीच.

झिजणं मात्र एका प्रकारचं नसतं. पृष्ठभाग नीट तापलेला नसताना टायर घसरला की वरचं रबर फाटून त्याच्या गोळ्या होतात, हे ग्रेनिंग. सांभाळून चालवलं तर ते काही फेऱ्यांत साफही होतं. ब्लिस्टरिंगमध्ये आतलं रबर उकळल्यासारखं होऊन फोड येतात आणि तो टायर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. ग्रेटर नोएडातल्या भारतीय शर्यतीत 2013 ला सॉफ्ट टायरची हीच गत होती. फेटेलने दोन फेऱ्यांतच सॉफ्ट फेकून मीडियम घेतले, वाहतुकीतून वाट काढली आणि शर्यतीबरोबर चौथं विजेतेपदही पक्कं केलं. ग्रोजाँ मात्र सतराव्या जागेवरून एकाच थांब्यात तिसरा आला.

सध्या नेहमीच्या वीकेंडला गाडीमागे 13 संच मिळतात: 2 हार्ड, 3 मीडियम, 8 सॉफ्ट. म्हणून शुक्रवारी कोणी हार्डला हातच लावला नाही, तर तो रविवारसाठी राखून ठेवल्याचा संशय घ्यायला जागा असते. अंडरकटचं, म्हणजे समोरच्याच्या आधी थांबून नव्या टायरच्या वेगावर त्याला मागे टाकण्याचं, गणितही इथूनच सुरू होतं. पिटमधून जाण्यात 20 ते 25 सेकंद जातात. नव्या टायरवर फेरीमागे एक-दीड सेकंद मिळत असेल, तर समोरच्याच्या एक फेरी आधी आत जाणं फायद्याचं. टायर तापायला वेळ लागत असेल, तर तोच डाव अंगलट येतो.

2025 च्या कतारला एका संचावर जास्तीत जास्त 25 फेऱ्यांची मर्यादा होती आणि शर्यत 57 फेऱ्यांची. सातव्या फेरीला सेफ्टी कार, म्हणजे सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी, आली; अशा वेळी थांबा स्वस्तात पडतो. उरल्या 50, म्हणजे बरोबर दोन संच. बहुतेक सगळे आत गेले. पोलवरून, म्हणजे पहिल्या जागेवरून, सुटलेल्या पियास्त्रीसकट मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्या बाहेरच राहिल्या. व्हर्स्टापेन जिंकला, पियास्त्री दुसरा आला आणि नॉरिस चौथा.