आपलेपणा व आधारजाळे (उच्च शिक्षणातील)

उच्च शिक्षणाच्या वाटेवर विद्यार्थ्याला माहिती, धीर आणि प्रत्यक्ष मदत देणारी माणसे म्हणजे त्याचे आधारजाळे. ‘ही जागा माझीही आहे’ ही त्याची खात्री म्हणजे आपलेपणा.

आपलेपणाच्या संकल्पनेचे मूळ वादग्रस्त आहे. मानसशास्त्रज्ञ ते अब्राहम मॅस्लो यांच्या गरजांच्या मांडणीत (१९४३) शोधतात. समाजशास्त्रीय परंपरा एमील द्यूरकेम यांच्या आत्महत्येवरील अभ्यासापर्यंत (१८९७) मागे जाते. समूहाशी असलेले नाते सैल झाले की माणूस त्यातून निसटतो, हे द्यूरकेम यांचे सूत्र विल्यम स्पेडी यांनी १९७० मध्ये महाविद्यालयीन गळतीला लावले व व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये ते विस्ताराने मांडले. पुढे टिंटो यांनी मानवशास्त्रज्ञ आर्नल्ड व्हान गेनेप यांच्या संक्रमणविधींच्या (आयुष्याच्या एका अवस्थेतून दुसरीत जाताना होणाऱ्या विधींच्या) कल्पनेचा आधार घेतला. नवागताने जुन्या समूहापासून दूर होणे हा तीतील पहिला टप्पा. विल्यम टियर्नी यांचा आक्षेप (१९९२) येथे कळीचा आहे : संक्रमणविधी एकाच संस्कृतीच्या आत घडतात, अल्पसंख्य समाजातील विद्यार्थ्याला मात्र आपली संस्कृतीच मागे टाकायला सांगितले जाते. सिल्व्हिया हुर्तादो व डेबोरा कार्टर यांना अमेरिकेतील लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या) विद्यार्थ्यांत (१९९७) धार्मिक व सामाजिक संघटनांतील सहभागाचा आपलेपणाशी दाट संबंध आढळला. घर व आपला समाज सुटल्याशिवाय महाविद्यालय आपले होत नाही, हे मत त्यामुळे टिकणारे वाटत नाही.

जुजबी ओळखींतूनच नवी माहिती अधिक मिळते, हे मार्क ग्रानोव्हेटर यांनी १९७३ मध्ये नोकरीच्या संदर्भात दाखवले. अशा ओळखी नसणे हीच घरातून प्रथमच उच्च शिक्षणाकडे वळणाऱ्यांची अडचण असते. आईवडील ठामपणे पाठीशी असतात, पण प्रवेशअर्जातला एखादा रकाना कसा भरायचा, हे विचारायला ओळखीत कोणी नसते. प्रवेश मिळाल्यावरही वर्ग सुरू होण्याआधीच्या सुटीत शुल्काची किंवा कागदपत्रांची मुदत हुकते आणि विद्यार्थी पोहोचतच नाही. अशांना मुदतींची आठवण देणारे मोबाइल संदेश पाठवण्याचे प्रयोग बेंजामिन कॅसलमन व लिंडसी पेज यांनी अमेरिकेत केले. काही ठिकाणी त्यांचा उपयोग झाला.

सुरुवातीचा परकेपणा बहुतेकांना जाणवतो व ओसरतो, एवढेच नवागतांना उमजवणारा तासाभराचा उपक्रम ग्रेगरी वॉल्टन व जेफ्री कोहेन यांनी योजला. त्यानंतरच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारल्याचे त्यांनी २०११ मध्ये नोंदवले. २२ संस्थांतील मोठ्या चाचणीत (२०२३) मात्र या उपक्रमाचा लाभ, विद्यार्थ्याच्या गटाला आपलेपणा मिळण्याची खरी संधी ज्या संस्थेत होती, तेथेच दिसला.