रुमाल टाकून अडवलेली जागा: बीटा ब्लॉकरची पार्श्वभूमी

आमच्या लालबागच्या इमारतीतल्या एका काकांना चार वर्षांपूर्वी हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेला. तेव्हापासून त्यांच्या गोळ्यांच्या डबीत मेटोप्रोलॉल ठाण मांडून आहे. ही हृदयाला सावकाश चालायला लावणारी, बीटा ब्लॉकर जातीची गोळी. परवा डॉक्टर म्हणाले, ही आता हळूहळू बंद करू. काका बरे झाल्याच्या आनंदाऐवजी धास्तीच घेऊन घरी आले. ‘जन्मभर घ्यायची म्हणाले होते ना?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर पाऊणशे वर्षं मागे जावं लागतं, आणि त्या वाटेवर मुंबई दोनदा लागते.

पहिल्यांदा लागते ती परळला. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये एक निबंध छापला. विषय होता सर्पगंधा. आयुर्वेदात जुनी असलेली ही मुळी रक्तदाब खाली आणते, हे त्यांनी रुग्णांवर रीतसर नोंदी ठेवून दाखवलं. त्या काळात वाढलेल्या रक्तदाबावर डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, एवढंच. म्हणून जगभरच्या डॉक्टरांनी त्या निबंधाकडे वळून पाहिलं. १९५२ मध्ये या मुळीतून रेसरपीन वेगळं काढलं गेलं आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. रेसरपीनचं काम असं, की मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेला उत्तेजक द्रव्यांचा साठाच ते रिकामा करतं. रक्तदाब उतरतो, पण काही रुग्णांचं मनही सोबत उतरतं. नैराश्याच्या तक्रारी वाढल्या, आणि साठ्याला हात न लावता काम भागेल का, हा प्रश्न उभा राहिला.

साठा होता अ‍ॅड्रेनलिन आणि त्याचं भावंड नॉरअ‍ॅड्रेनलिन यांचा. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनलिन रक्तात येतं. चालती लोकल पकडायला धावताना छातीत जे धडधडतं, ते त्याचंच काम. पण कोडं असं होतं, की हेच द्रव्य कुठे रक्तवाहिन्या आवळतं, कुठे सैल सोडतं. हृदयाला पळवतं आणि श्वासनलिका मोकळी करतं. एक किल्ली आणि इतकी वेगवेगळी दारं कशी? १९४८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रेमंड आल्क्विस्ट यांनी उत्तर सुचवलं: पेशींवरची कुलपं दोन जातींची आहेत, अल्फा आणि बीटा. हा निबंध एका नियतकालिकाने आधी परत पाठवला होता. दुसरीकडे छापून आल्यावरही दहा वर्षं त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही.

घेतली ती जेम्स ब्लॅक या स्कॉटिश डॉक्टरने. हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं, त्याला अंजायना म्हणतात. त्यावरचा तेव्हाचा सगळा इलाज पुरवठा वाढवण्याचा. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट आजही त्याच घराण्यातली. ब्लॅकने प्रश्नच उलटा केला. रक्त जास्त पोचवण्याच्या मागे का लागायचं? हृदयाची गरजच कमी करू. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. तानसा, वैतरणा, भातसाची पातळी खाली गेली की पालिका नवा तलाव खणत बसत नाही, पाणीकपात जाहीर करते. हृदय सावकाश आणि कमी जोराने चाललं, तर आहे तेवढ्या रक्तात त्याचं भागतं.

१९५८ मध्ये ब्लॅक ही कल्पना घेऊन आयसीआय या इंग्लिश कंपनीत गेला. त्याच वर्षी अमेरिकेत एलाय लिली कंपनीच्या संशोधकांनी डीसीआय नावाचं एक रसायन जाहीर केलं होतं. ते बीटाच्या जागी जाऊन बसायचं खरं, पण स्वतःही हृदयाला थोडं डिवचायचं. आपल्याकडे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, ते इथे आठवतं. रुमाल काही प्रवास करत नाही, दुसऱ्याला बसू मात्र देत नाही. ब्लॅकला निव्वळ असा रुमाल, म्हणजे बीटा अडवणारा ‘बीटा ब्लॉकर’, हवा होता. पहिला साधला प्रोनेथॅलॉल, पण उंदरांमध्ये गाठी दिसल्याने तो मागे पडला. दुसरा प्रोप्रॅनोलॉल. १९६४ मध्ये त्याचा निबंध आला, १९६५ मध्ये गोळी बाजारात आली. ब्लॅकला १९८८ मध्ये नोबेल मिळालं. तोवर त्याने दुसऱ्या कंपनीत जाऊन पोटाच्या अल्सरवरचं सिमेटिडीनही घडवलं होतं.

गंमत म्हणजे अंजायनासाठी केलेली ही गोळी रक्तदाबही उतरवते, हे लंडनमध्ये ब्रायन प्रिचर्ड यांना रुग्णांवर नजर ठेवता ठेवता दिसलं. हृदयाचा जोर कमी होतो, शिवाय मूत्रपिंडातून येणारं, रक्तदाब वाढवणारं रेनिन घटतं. अशा आडवाटेने या गोळीला पुढे कितीतरी कामं मिळाली: अर्धशिशी टाळणं, हातांचा कंप, थायरॉइड वाढल्यावरची धडधड, हृदयाचे बिघडलेले ठोके. याच जातीच्या टिमोलॉलचे थेंब १९७८ पासून काचबिंदूत डोळ्याचा दाब उतरवतात. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी छापून कळवलं, की हृदयाच्या तक्रारीसाठी एका बाळाला प्रोप्रॅनोलॉल दिलं, तर चेहऱ्यावरची रक्तवाहिन्यांची लाल गाठच विरायला लागली. त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाची दोन पदकं याच गोळीपायी गेली. हात स्थिर ठेवणारं औषध नेमबाजीत चालत नाही.

मुंबई दुसऱ्यांदा लागते ती सत्तरच्या दशकाच्या तोंडाशी. १९११ च्या इंग्रजी कायद्याने औषधावरच पेटंट मिळे, त्यामुळे इथे दुसऱ्या कोणाला ते बनवायची सोय नव्हती. १९३५ साली मुंबईत सुरू झालेल्या सिप्लाने तरीही प्रोप्रॅनोलॉल बनवायला घेतलं, आणि आयसीआयने दिल्लीत तक्रार केली. सिप्लाचे युसूफ हमीद यांनी पुढे अनेकदा सांगितलेल्या हकिकतीनुसार त्यांनी इंदिरा गांधींपुढे मांडलेला मुद्दा सरळ होता: मूळ कंपनीला आमच्या कातडीचा रंग आवडत नाही म्हणून लाखो भारतीयांनी जीव वाचवणाऱ्या औषधाला मुकायचं का? १९७० चा नवा पेटंट कायदा काही या एका तक्रारीतून जन्मला नाही. त्यामागे न्यायमूर्ती अय्यंगार यांचा १९५९ चा अहवाल आणि वर्षानुवर्षांचा वाद होता. पण २० एप्रिल १९७२ ला कायदा लागू झाला आणि औषधांत पेटंट फक्त पद्धतीला उरलं. वेगळ्या रीतीने तेच औषध बनवायला मुभा मिळाली. २००५ मध्ये औषधावरचं पेटंट परत आलं, पण या जुन्या गोळ्या तोवर त्याच्या कचाट्यातून कधीच सुटल्या होत्या. केईएमसमोरच्या केमिस्टकडे आज जी पट्टी सहज मिळते, तिच्यामागे हे सगळं आहे.

पुढच्या पिढीचं थोडक्यात. १९६७ मध्ये कळलं, की बीटाही दोन प्रकारचे: एक मुख्यतः हृदयात, दुसरा श्वासनलिकेत. म्हणून दोन्ही अडवणारं प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याला धोक्याचं. फक्त हृदयाकडे वळणारं प्रॅक्टोलॉल १९७० मध्ये आलं, पण त्याने काहींचे डोळे कोरडे पडून नजर गेली आणि पाचेक वर्षांत ते मागे घ्यावं लागलं. मग मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल. यांची निवडही डोस वाढला की ढिली पडते. मधुमेहींनी एक ध्यानात ठेवावं: साखर उतरल्याची धडधड ही गोळी लपवते, घाम मात्र फुटतो.

सगळ्यात मोठी कोलांटउडी स्वीडनमध्ये झाली. हृदय दुबळं झालेल्या रुग्णाला बीटा ब्लॉकर देणं म्हणजे थकल्या बैलाच्या मानेवर आणखी ओझं, असं सगळे शिकत आले होते. १९७५ मध्ये गोथेनबर्गच्या फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी सात रुग्णांना ती दिली आणि ते सुधारले. पटायला वीसेक वर्षं गेली. १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी घटलेले दिसले. बैलावर ओझं नव्हतं तर, सतत पाठीत बसणारा आसूड तेवढा थांबला होता.

आता काकांचा प्रश्न. अ‍ॅटॅकनंतर ही गोळी जीव वाचवते, हे १९८१ च्या नॉर्वेतल्या टिमोलॉल चाचणीने दाखवलं. पण तेव्हा अँजिओप्लास्टी, स्टेंट, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्या यांपैकी काही सर्रास हाताशी नव्हतं. २०२४ मध्ये स्वीडनच्या पुढाकाराने झालेल्या, सुमारे ५,००० रुग्णांच्या चाचणीत ज्यांच्या हृदयाचं पंपिंग शाबूत आहे त्यांना या गोळीने वेगळा फायदा दिसला नाही. २०२५ मध्ये स्पेन-इटलीच्या चाचणीतही तेच निघालं. डेन्मार्क-नॉर्वेच्या चाचणीत मात्र थोडा फायदा दिसला. म्हणजे डॉक्टर-डॉक्टरांत मतभेद होणार. पंपिंग घटलेल्यांना मात्र ही गोळी आजही हवीच.

काकांचा इको चांगला आला आहे, म्हणजे पंपिंग शाबूत आहे. तरी एका झटक्यात बंद नाही. वर्षानुवर्षं जागा अडलेली राहिली की शरीर नव्या सीटा वाढवत राहतं. मग रुमाल अचानक उचलला तर अ‍ॅड्रेनलिनची झुंबड उडते आणि छातीत पुन्हा दुखू शकतं. म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर पन्नासची पंचवीस, मग पंचवीसची साडेबारा असं लिहून दिलंय. सध्या काकू भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज एक खूण करतात, आणि काका दिवसातून चारदा स्वतःची नाडी मोजतात.