बांबूच्या बेटापासून लोक जैवविविधता नोंदवहीपर्यंत

घाटाच्या पर्यावरणाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या पश्चिम घाट समितीचा २०११ सालचा अहवाल म्हटले की परिसराचे अभ्यासक माधव गाडगीळ यांचे नाव आपोआप पुढे येते. पण त्या अहवालातली ग्रामसभेवर भर देणारी भूमिका कुठून आली, हे समजून घ्यायचे तर प्राध्यापक म्हणून त्यांनी रानात आणि वर्गात काढलेल्या तीन दशकांकडे पाहावे लागते.

१९४२ साली पुण्यात जन्मलेले गाडगीळ अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे चिरंजीव. पक्ष्यांचे वेड लहानपणापासूनचे. फर्ग्युसन महाविद्यालय आणि मुंबई विद्यापीठात जीवशास्त्र शिकून ते हार्वर्डला गेले आणि १९६९ साली तेथे पीएचडी झाले. परिस्थितीशास्त्राला, म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याच्या अभ्यासाला, गणिताची जोड देणारा हा अभ्यासक १९७१ मध्ये परतला, तो वा. द. वर्तक यांच्यासोबत सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळू लागला. वर्तक वनस्पतींचे जाणकार, गाडगीळ प्राणिशास्त्राकडून आलेले. देवाच्या धाकाने राखलेल्या या रानांकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणारे सुरुवातीचे काम त्यातूनच उभे राहिले.

१९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अध्यापन सुरू झाले. त्यांच्या कामाला वळण देणारा प्रसंग मात्र, माझ्या मते, कर्नाटकातल्या बांबूचा. कागद गिरण्यांना पुरवला जाणारा बांबू झपाट्याने का संपतो आहे, हे पाहण्याचे काम राज्य सरकारने त्यांच्याकडे सोपवले, तेव्हा दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर टाकला जात होता. गावकऱ्यांचे म्हणणे वेगळे होते: तोड सोपी व्हावी म्हणून बेटाच्या बुडाशी असलेले काट्यांचे जाळे साफ केले जाते, आणि मग उघडे पडलेले कोवळे कोंब जनावरे खाऊन टाकतात. प्रत्यक्ष पाहणीत गावकरीच बरोबर ठरले.

१९८३ मध्ये संस्थेत परिस्थितीविज्ञान केंद्र सुरू झाले. याच काळात त्यांचे विद्यार्थी रामन सुकुमार हत्ती आणि शेतकरी यांच्यातल्या संघर्षावर संशोधन करत होते. हा विषय गाडगीळांनीच सुचवलेला, आणि पुढे सुकुमार हत्तींचे जगन्मान्य अभ्यासक झाले. देशातले पहिले जीवावरण राखीव क्षेत्र (बायोस्फिअर रिझर्व्ह) म्हणून १९८६ साली निलगिरी जाहीर झाले, त्याच्या आखणीतही गाडगीळांचा वाटा होता.

नव्वदच्या दशकात त्यांनी शिकवण्याची कक्षा संस्थेच्या आवाराबाहेर नेली. पश्चिम घाटातल्या लहानमोठ्या महाविद्यालयांचे प्राध्यापक आणि पदवीचे विद्यार्थी आपापल्या परिसरातल्या सजीवांची पाहणी करू लागले. गावकऱ्यांकडचे ज्ञान टिपून ठेवणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवह्या तयार होऊ लागल्या. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्यांची तरतूद केली आणि या नोंदवह्या त्या समित्यांचे काम ठरल्या. प्रत्यक्षात त्यांतल्या किती मनापासून लिहिल्या गेल्या, हा वेगळाच विषय.

गाडगीळ २००४ मध्ये संस्थेतून निवृत्त झाले आणि २०१० साली पश्चिम घाट समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. संपूर्ण घाट परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील मानावा, परंतु कोणत्या भागात काय चालेल याचा अंतिम निर्णय ग्रामसभांशी बोलून व्हावा, ही त्या अहवालाची मांडणी बांबूच्या बेटापाशी गावकऱ्यांचे ऐकून घेणाऱ्या प्राध्यापकाचीच होती.