‘अलंकार ओळखा’ हा प्रश्न आला कुठून?

इंग्रजीच्या परीक्षेत कवितेची ओळ देऊन ‘अलंकार ओळखा आणि स्पष्ट करा’ असं विचारतात. या इंग्रजी अलंकारांची नावं बहुतेक ग्रीक. मेटाफर (रूपक), हायपरबोली (अतिशयोक्ती), अँटिथिसिस (विरोधी कल्पना समोरासमोर मांडणं) ही सगळी भाषणकलेतली. सभेत, न्यायालयात समोरच्याला पटवून द्यायचं म्हणून ती शिकवली जात. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये त्यांच्या लांबलचक याद्या छापल्या गेल्या आणि इंग्रजी शिक्षणाबरोबर त्या आपल्याकडे आल्या, पण परीक्षेचा प्रश्न होऊन. पटवून देणं मागे पडलं, ओळखणं उरलं.

राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून होतं. जळगाव-धुळ्याकडे घरात अहिराणी किंवा लेवा बोली, धडगावकडे पावरी, शाळेत प्रमाण मराठी आणि त्यावर इंग्रजी. एवढं ओझं असलेल्या मुलाला वर्गात सोपी खूण दिली गेली: ‘लाइक’ किंवा ‘अ‍ॅज’ दिसलं की सिमिली, म्हणजे उपमा.

खरा घोळ या खुणेनेच केला. ‘शी लुक्स लाइक हर मदर’ यात लाइक आहे, पण अलंकार नाही. मुलगी आईसारखी दिसते, एवढंच. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टींत साम्य दाखवलं तरच सिमिली होते. ‘ही फॉट लाइक अ लायन’ ही सिमिली, कारण माणूस आणि सिंह वेगळे. ‘ही वॉज अ लायन इन द फाइट’, म्हणजे माणसाला थेट सिंहच म्हटलं की मेटाफर.

दुसरा घोळ एकाच नावाच्या आग्रहाचा. मे महिन्यात भुसावळला कुणीही म्हणतं, ‘ऊन नुसतं आग ओकतंय.’ उन्हाला सजीवासारखं ओकायला लावलं म्हणून पर्सोनिफिकेशन (चेतनगुणोक्ती), उष्णतेला आग म्हटलं म्हणून मेटाफर, वाढवून सांगितलं म्हणून हायपरबोली. तिन्ही बरोबर. इंग्रजी कवितेतल्या ओळीही अशाच असतात, तरी उत्तराच्या चौकटीत एकच नाव बसवायची सवय लागली आहे. आम्हाला ही सवय चुकीची वाटते. नाव कोणतंही लिहा, कारण नीट दिलं असेल तर गुण मिळायला हवेत. ‘स्पष्ट करा’ या शब्दांचा दुसरा अर्थ काय?

दहावीचं नवं पुस्तक २०१८-१९ ला आलं, बारावीचं २०२०-२१ ला. दहावीला कवितेच्या रसग्रहणात आता अलंकारावरही लिहावं लागतं, म्हणजे नावाबरोबर कवितेत तो काय करतो हेही सांगायला जागा आहे. शिकवण्यांच्या नोट्समध्ये मात्र ‘लाइक म्हणजे सिमिली’ ही ओळ अजून पहिल्याच पानावर असते.