ताई-दादा हवे आहेत : मुलांना सोबत देणाऱ्या संस्थांसाठी व्हिडिओ करण्यापूर्वी

नाशिकमध्ये आमचं तिघांचं छोटं व्हिडिओ युनिट आहे. लग्नं आम्ही करत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी सुरक्षा-प्रशिक्षणाच्या फिल्म करतो, त्यावर घर चालतं. आणि त्याच कॅमेऱ्यावर संस्थांचे जनजागृतीपर व्हिडिओ करतो. वस्तीतल्या किंवा वसतिगृहातल्या मुलांना एकेक ताई किंवा दादा जोडून देणाऱ्या संस्था अलीकडे आमच्याकडे जास्त येतात. त्यांचे प्रश्न साधारण सारखेच असतात, आमची उत्तरंही तीच. दर वेळी चहाबरोबर तेच बोलण्यापेक्षा हे पत्रक छापलं. दरपत्रक वेगळ्या कागदावर आहे.

व्हिडिओ नेमका कोणासाठी?

हे विचारलं की दहातल्या आठ संस्था म्हणतात, "सगळ्यांसाठी." देणगीदारांनी बघावा, सीएसआरवाल्यांना (कंपन्यांचा सामाजिक कामावरचा खर्च बघणाऱ्यांना) दाखवता यावा, पालकांना विश्वास वाटावा आणि जमल्यास नवे ताई-दादाही मिळावेत. तीस सेकंदांत एवढं मावत नाही. कोंबलं तर कोणालाच काही सांगितलं जात नाही.

सीएसआरचं उदाहरण घ्या. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १३५खाली येणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. तिथला अधिकारी तुमचा व्हिडिओ मीटिंगमध्ये बसून बघतो. त्याला किती मुलं, किती वर्षं, पैसा कुठे गेला हे हवं असतं. तो तीन-चार मिनिटांचा वेगळा व्हिडिओ आहे आणि तो आम्ही वेगळा करून देतो. या पत्रकात बोलतोय ते छोट्या व्हिडिओबद्दल, जो बघून एखाद्या अनोळखी माणसाने शनिवारची दुपार एका मुलासाठी राखून ठेवायची आहे.

आमची एक चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही एका संस्थेसाठी पंचेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ केला. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण चूक आमची होती. पावसात भिजलेली गल्ली, दारात एकटा बसलेला मुलगा, मागे बासरी. शेवटी पडद्यावर ओळ: "याला फक्त तुमची गरज आहे." व्हिडिओ गावभर फिरला. संस्थेचा फोन आठवडाभर खणखणत होता. आम्ही खूश, संस्था खूश.

दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा नव्याने आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त दादा-ताई परत आलेच नाहीत. कोणाची शिफ्ट बदलली, कोणाला "वाटलं तेवढं सोपं नाही" असं वाटलं. मुलं मात्र शनिवारी चारला येऊन बसत होती. संस्थेच्या समन्वयक ताईंनी आम्हाला बोलावून घेतलं आणि एक वाक्य ऐकवलं, "तुमची जाहिरात चालली हो, पण माझ्या पोरांना पुन्हा एकदा कोणीतरी सोडून गेलं."

हे नुसतं त्यांचं वाटणं नव्हतं. अमेरिकेत बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स नावाची संस्था १९०४पासून हेच काम करते, एका मुलामागे एक मोठं माणूस. तिच्या जोड्यांवर जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांमधल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाल्याचं त्यात दिसलं. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांमधल्या मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास उलट घटलेला होता.

तेव्हापासून आमचं धोरण साधं आहे. व्हिडिओ असा हवा की ज्याला जमणार नाही, त्याने तो बघून फोन करूच नये. जाहिरातवाल्याच्या तोंडी हे विचित्र वाटेल, पण तुमच्या कामात शंभर फोनांपेक्षा वर्षभर टिकणारी दहा माणसं मोलाची आहेत.

तीस सेकंदांत काय बसतं

मराठीत सावकाश, माणसासारखं बोललं तर तीस सेकंदांत पन्नास ते साठ शब्द बसतात. सत्तर कोंबले की निवेदक रेल्वेच्या उद्घोषणेसारखा वाजतो. संस्थांकडून आम्हाला संहिता येते ती बहुधा अशी: "समाजातील वंचित व दुर्बल घटकांतील बालकांच्या सर्वांगीण विकासासाठी व त्यांना योग्य दिशा देण्यासाठी कटिबद्ध असलेल्या आमच्या संस्थेच्या वतीने आवाहन करण्यात येते की..." इथपर्यंत दहा-बारा सेकंद गेले, आणि बघणाऱ्याने अंगठ्याने पुढचा व्हिडिओ लावला.

त्याऐवजी एका सातपूरच्या दादाशी आम्ही तासभर गप्पा मारल्या आणि त्यांच्याच बोलण्यातून हे उचललं:

"दर शनिवारी चारला मी इथे येतो. मी टर्नर आहे, शिक्षक नाही. पहिला दीड महिना हा पोरगा माझ्याशी बोललाच नाही. आम्ही नुसती सायकल दुरुस्त करायचो. सातव्या शनिवारी म्हणाला, दादा, आयटीआयचा फॉर्म कधी निघतो? वर्षभर, शनिवारचे दोन तास. जमणार असेल तरच फोन करा. पोलीस पडताळणी होते, प्रशिक्षण मिळतं."

पन्नासच्या आसपास शब्द आहेत. "शिक्षक नाही" या दोन शब्दांनी, आपल्याला शिकवता येत नाही म्हणून मागे राहणारा माणूस पुढे येतो. "बोललाच नाही" हे ऐकून झटपट कौतुकाच्या अपेक्षेने येणारा थांबतो. पोलीस पडताळणीचा उल्लेख काहींना रुक्ष वाटतो, काढा म्हणतात. आम्ही काढत नाही. मुलांच्या जवळ येण्यासाठी भलताच कोणी फोन करत असेल, तर त्याला हे दारातच कळलेलं बरं. पालकांनाही धीर येतो.

"घडवणे", "उद्धार", "अंधारातून प्रकाशाकडे" हे शब्द आमच्याकडून मिळणार नाहीत. मुलं हे व्हिडिओ बघतात. आपल्याला अंधार म्हटलेलं त्यांना कळतं.

मुलांचा चेहरा

हा भाग कृपया दोनदा वाचा.

तुमची मुलं बालकल्याण समितीमार्फत आलेली असतील, बालगृहात राहत असतील किंवा एखाद्या प्रकरणात बाल न्याय मंडळासमोर गेलेली असतील, तर त्यांची ओळख पटेल असं काहीही आम्ही दाखवत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५चं कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या आणि विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, अशा दोन्ही बालकांना लागू आहे. चेहरा तर नाहीच, पण नाव, पत्ता, शाळा, ज्यावरून ओळख लागेल असा कुठलाही तपशीलही नाही. उल्लंघन झालं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शाळेचा टाय किंवा दप्तरावरचा बिल्ला हाही ओळखच सांगतो, हे गडबडीत विसरतं.

मग चेहरा धूसर करू या का, असं विचारलं जातं. करता येतो, पण आम्ही टाळतो. बातम्यांमुळे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की धूसर चेहरा म्हणजे आरोपी नाहीतर पीडित. तुमच्या मुलाला दोन्ही व्हायचं नाही. त्यापेक्षा कॅमेरा खाली घेतो. त्या सातपूरच्या व्हिडिओत बावीस सेकंद फक्त चार हात आहेत. दोन मोठे, उजव्या अंगठ्यावर जुना कापल्याचा व्रण; दोन लहान, नखांत ग्रीस. चेन स्प्रॉकेटवर चढत नाही, सटकते, पुन्हा सटकते. मोठे हात मधे पडत नाहीत, थांबतात. मग चेन चढते आणि लहान हात पेडल गरागरा फिरवतो. चेहरा दाखवला असता तर लोकांनी चेहरा बघितला असता. इथे ते थांबणं दिसलं.

दुसरा मार्ग म्हणजे अठरा पूर्ण झालेली तुमची जुनी मुलं. स्वतःची गोष्ट सांगायची की नाही हे ती स्वतः ठरवू शकतात आणि त्यांच्या आवाजाला तोड नाही. मात्र त्यांच्यावर उपकाराचं ओझं टाकून हो म्हणवून घेऊ नका. आम्ही त्यांना संस्थेच्या माणसांशिवाय, एकट्याने भेटून विचारतो.

घरी राहणाऱ्या, अशा कुठल्याही प्रकरणात नसलेल्या मुलांचे चेहरे दाखवायचे असतील तर पालकांची लेखी संमती मराठीत घेतो आणि मुलालाही वेगळं विचारतो. पालकांना वाचता येत नसेल तर पूर्ण वाचून दाखवतो. तयार झालेला व्हिडिओ त्यांना दाखवून पुन्हा विचारतो. त्या वेळी एक गोष्ट स्पष्ट सांगतो: उद्या तुम्ही नको म्हणालात तर आम्ही आणि संस्था आपल्या पानांवरून काढू, पण व्हॉट्सॲपवर गेलेला व्हिडिओ कोणालाच परत बोलावता येत नाही. हे ऐकून काही आया सही करत नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

चित्रीकरणाचा दिवस

एक जागा, एक दिवस, आम्ही तिघं. एवढ्यात तीस सेकंदांचा व्हिडिओ नीट होतो. जिल्हा परिषदेची शाळा, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन अशा जागा मनात असतील तर परवानगीचं पत्र तुमच्या लेटरहेडवर लवकर द्या. सिंहस्थाच्या काळात रामकुंडाच्या आसपासचं काही सुचवू नका, पायही ठेवता येणार नाही.

संस्थेतला एखादा हौशी कार्यकर्ता मोबाइलवर आधीच काही शूट करून ठेवतो आणि हेच वापरा म्हणतो. चित्र चांगलं असतं, पण पांढऱ्या पट्ट्या वरखाली सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवलं की पट्ट्या जातात. आवाजाचं मात्र नंतर काहीच करता येत नाही. कॉलर माइक लावला तरी "भंगारवालेऽऽ" येतोच. म्हणून बोलणारा माणूस आम्ही पंखा बंद करून, गोधड्या टांगलेल्या खोलीत बसवतो. उकडतं. चहा नंतर.

जेवणाचा खर्च आमचा. मुलांना बक्षीस, पैसे, खेळणी देऊ नका. त्याने संमतीची किंमत होते.

दाखवायचा कुठे

संस्थेच्या फेसबुक पानावर टाकला की काम झालं, असं नसतं. ते पान आधीच तुमचे असलेले लोक बघतात. नव्या माणसाच्या वाटेत व्हिडिओ आणून ठेवावा लागतो. आमच्या अनुभवात सगळ्यात चांगली दोन ठिकाणं म्हणजे कारखान्याच्या कँटीनमधला टीव्ही आणि गणेश मंडळाचा पडदा. मंडळात दोन देखाव्यांच्या मधे पाच-सात मिनिटं गर्दी उभीच असते. अध्यक्षांना आषाढातच गाठा, भाद्रपदात ते फोन उचलत नाहीत.

त्याशिवाय केंद्र सरकारच्या २०२२च्या अपलिंकिंग-डाउनलिंकिंग (टीव्ही वाहिन्यांच्या उपग्रह प्रसारणाच्या) मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे बहुतेक खासगी वाहिन्यांनी रोज तीस मिनिटं लोकहिताचा आशय दाखवायचा आहे. शिक्षणाचा प्रसार आणि दुर्बल घटकांचं कल्याण हे त्यातले विषय आहेत, आणि ती तीस मिनिटं तुकड्यातुकड्यांत दाखवली तरी चालतात. म्हणजे मराठी वाहिनीकडे तुम्ही फुकटची भीक मागायला जात नसता, त्यांना हवी असलेली वस्तू घेऊन जात असता. पत्र त्या सुरात लिहा. चित्रपटगृहात दाखवायचा असेल तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा वेळ आणि पैसा वेगळा धरा. नुसता आवाज काढून रेडिओसाठी आवृत्ती आम्ही सोबतच देतो. नाशिकमध्ये रेडिओ विश्वास ९०.८सारखं कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे, त्यांच्याशी बोलून बघा.

आडवा आणि उभा, दोन्ही आकार देतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर चित्राचा लगदा होतो. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून मराठी अक्षरं पडद्यावर असतातच. ती आम्ही स्वतः तपासतो, कारण जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं फुटतात आणि 'पऱ्या'चं काहीतरी भलतंच होतं. फोन नंबर शेवटी पूर्ण पाच सेकंद ठेवतो.

आणि तो फोन कोण उचलणार? व्हिडिओ बाहेर जाण्यापूर्वी हे ठरलेलं नसेल तर आम्ही फाइल देत नाही, थोडं अडूनच बसतो. संध्याकाळी सात ते नऊ या वेळात कामावरून सुटलेली माणसं फोन करतात, आणि नेमकं तेव्हा संस्थेचं ऑफिस बंद असतं.

हक्क आणि पैसे

व्हिडिओ तुमचा. पैसे देऊन करून घेतलेल्या चित्रफितीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाराच असतो. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १७मध्ये तसं आहे. न वापरलेलं चित्रीकरणही हार्ड डिस्कवर देतो, डिस्क तुमची आणा. सिनेमातलं गाणं मागे लावून मिळणार नाही, संस्था धर्मादाय असली तरी. निम्मे पैसे आधी, निम्मे फाइल देताना, वर १८ टक्के जीएसटी. दोन दुरुस्त्या दरात धरलेल्या आहेत. तिसरी दुरुस्ती बहुधा विश्वस्तांच्या बैठकीतून येते, म्हणून पहिला कच्चा व्हिडिओच त्यांना दाखवून घ्या.

पहिल्या भेटीला येताना किमान वर्षभर टिकलेल्या एका ताईला किंवा दादाला सोबत आणा. तासभर लागेल. लोगो आणि अहवाल नंतर मेलवर पाठवले तरी चालतील.