डेलावेअरची कंपनी, कॅलिफोर्नियातला इंजिनिअर: अमेरिकेतल्या राज्यांचा कंपनी आयकर कुठे आणि कसा भरायचा

अमेरिकेत कंपनीच्या नफ्यावर दोन पातळ्यांवर कर लागतो. फेडरल म्हणजे केंद्राच्या कराचा दर सरसकट २१ टक्के. त्याचं रिटर्न फॉर्म ११२० वर आयआरएसकडे (फेडरल कर खात्याकडे) जातं. त्याखेरीज ४४ राज्यं आपापला कॉर्पोरेट आयकर घेतात आणि प्रत्येकाचा दर, फॉर्म आणि मुदत वेगळी असते. नेव्हाडा, ओहायो, टेक्सास आणि वॉशिंग्टन ही राज्यं त्याऐवजी उलाढालीवर आधारलेला कर घेतात. साउथ डकोटा आणि वायोमिंगमध्ये दोन्ही नाहीत.

पुण्यात बसून डेलावेअर कंपनी काढणाऱ्या फाउंडरांची समजूत बहुधा अशी असते, की नोंदणी डेलावेअरला म्हणजे राज्याचा करही तिथेच. पण आयकराचा हक्क नोंदणीवरून ठरत नाही. कंपनीची माणसं कुठे बसून काम करतात आणि पैसे देणारे ग्राहक कुठे आहेत, यावरून ठरतो. या संबंधालाच नेक्सस म्हणतात.

कर कोणाला लागू होतो

नेक्सस दोन वाटांनी येतो. पहिली वाट प्रत्यक्ष उपस्थितीची: ऑफिस, गोदामातला माल किंवा घरून काम करणारा एखादा कर्मचारी. न्यू जर्सीत २०१२ साली टेलिब्राइट खटल्यात हेच ठरलं. मेरीलँडमधल्या या कंपनीची एकच सॉफ्टवेअर डेव्हलपर न्यू जर्सीतल्या घरून कोड लिहीत होती. तेवढ्यावर कंपनीला न्यू जर्सीचं रिटर्न भरणं बंधनकारक ठरलं.

दुसरी वाट विक्रीची. कॅलिफोर्नियात २०२४ साठी मर्यादा ७,३५,०१९ डॉलर विक्री किंवा ७३,५०२ डॉलर पगार अशी होती. ती दरवर्षी महागाईनुसार वाढते. पण याच नियमातला दुसरा भाग लहान कंपन्यांना जास्त लागतो: एकूण विक्रीच्या किंवा एकूण पगाराच्या २५ टक्क्यांहून जास्त भाग कॅलिफोर्नियात असेल, तर रक्कम कितीही लहान असो, नेक्सस झालाच. सारख्या पगाराच्या तिघांपैकी एक जण सॅन होजेत असेल तर विषय संपला. पेनसिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्समध्ये विक्रीची मर्यादा ५ लाख डॉलर आहे.

वस्तू विकणाऱ्यांना १९५९ च्या पब्लिक लॉ ८६-२७२ चं संरक्षण आहे. राज्यात फक्त ऑर्डर मागितली जात असेल, ती मंजूर बाहेर होत असेल आणि मालही बाहेरून येत असेल, तर ते राज्य निव्वळ उत्पन्नावर कर लावू शकत नाही. सास (इंटरनेटवरून वर्गणीने दिलेलं सॉफ्टवेअर), सल्ला, लायसन्स यांना हा कायदा लागू नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर स्टार्टअपने त्याच्या भरवशावर राहू नये.

डेलावेअर कंपनी न काढता भारतातूनच अमेरिकी ग्राहकांना सेवा विकणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. भारत-अमेरिका कर करार फेडरल आयकरापुरता आहे, राज्यांच्या आयकराला तो लागू नाही. करारानुसार अमेरिकेत कायम आस्थापना (धंद्याचं पक्कं ठिकाण) नसल्याने फेडरल कर शून्य आला, तरी एखाद्या राज्याचा कर लागू शकतो. भारतातल्या सीएला हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो, कारण तो त्याच्या नेहमीच्या कामात येत नाही.

डेलावेअरला काय द्यायचं

डेलावेअरमध्ये फक्त नोंदणीकृत पत्ता असेल आणि धंदा नसेल, तर तिथला ८.७ टक्के आयकर लागत नाही. फ्रँचाइज टॅक्स, म्हणजे तिथे कंपनी नोंदलेली ठेवण्याचा वार्षिक कर, मात्र नफा असो वा तोटा, द्यावाच लागतो. वार्षिक अहवाल आणि हा कर यांची मुदत १ मार्च. चुकली तर २०० डॉलर दंड आणि दरमहा दीड टक्का व्याज.

अधिकृत शेअर (जास्तीत जास्त जेवढे काढता येतात तेवढे) १ कोटी असलेल्या कंपनीच्या नोटिशीत ८५,१६५ डॉलरचा आकडा येतो आणि नवीन फाउंडर घाबरतात. तो आकडा शेअरसंख्येच्या पद्धतीचा आहे. पोर्टलवर मालमत्तेवर आधारलेली दुसरी पद्धत निवडता येते. समजा ८० लाख शेअर वाटले आहेत, दर्शनी किंमत नगण्य आहे आणि एकूण मालमत्ता ५ लाख डॉलर आहे. ५ लाख भागिले ८० लाख म्हणजे ०.०६२५ डॉलर, त्याला १ कोटीने गुणल्यावर ६,२५,००० येतात. दर दहा लाखांना किंवा त्याच्या भागाला ४०० डॉलर, म्हणजे कर ४०० आणि अहवालाची फी ५०. मालमत्तेचा आकडा फॉर्म ११२० च्या शेड्यूल एल (ताळेबंद) मधला घ्यावा.

नोंदणी आणि कागदपत्रं

नेक्सस झालेल्या राज्यात सहसा तीन नोंदण्या लागतात आणि त्या वेगवेगळ्या खात्यांकडे असतात. सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे बाहेरच्या राज्यातली कंपनी म्हणून नोंद, महसूल खात्याकडे कराचं खातं आणि तिथे कर्मचारी असेल तर पगारातून कर कापण्याचं व बेरोजगारी विम्याचं खातं. पहिल्या नोंदणीसाठी स्थापनेचं प्रमाणपत्र, डेलावेअरचं ताजं गुड स्टँडिंग प्रमाणपत्र (कंपनी चालू आणि नियमित असल्याचा दाखला), आयआरएसचं ईआयएन (कंपनीचा कर क्रमांक) पत्र आणि त्या राज्यातला रजिस्टर्ड एजंट (कंपनीच्या वतीने सरकारी कागद स्वीकारणारा) तयार ठेवावा. कॅलिफोर्नियात नोंदणीनंतर ९० दिवसांत माहितीपत्रकही भरावं लागतं.

रिटर्नसाठी सगळ्या शेड्यूल्ससह फेडरल फॉर्म ११२०, राज्यवार पगाराचा तपशील, राज्यवार मालमत्तेची यादी (घरी दिलेले लॅपटॉपसुद्धा) आणि ग्राहकाच्या ठिकाणानुसार विक्रीचा तक्ता लागतो. हा शेवटचा तक्ता वर्षअखेरीस बनवायला बसलात तर हाल होतात. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाचं राज्य पहिल्या इन्व्हॉइसपासून सक्तीचं करावं.

नफ्याची वाटणी

एकच नफा प्रत्येक राज्य पूर्ण करपात्र धरत नाही. पूर्वी मालमत्ता, पगार आणि विक्री या तिन्हींचं प्रमाण पाहत. आता बहुतेक राज्यं फक्त विक्री पाहतात. मॅसॅच्युसेट्सही २०२५ पासून तसंच करतं. करपात्र नफा ४ लाख डॉलर, एकूण विक्री २० लाख आणि त्यातली १२ लाखांची कॅलिफोर्नियात, असं समजा. वाटा ६० टक्के, म्हणजे २,४०,००० डॉलर, ८.८४ टक्के दराने कर २१,२१६ डॉलर. सेवेची विक्री ग्राहकाला लाभ जिथे मिळतो तिथली, असं कॅलिफोर्निया मानतं. काही राज्यं मात्र काम जिथे झालं ते ठिकाण पाहतात. त्यामुळे एकच विक्री दोन राज्यांत मोजली जाऊ शकते. करार करतानाच ग्राहक सेवा कुठे वापरणार हे लिहून घ्यावं.

कुठे चुकतं

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तोटा आहे म्हणून रिटर्न न भरणं. कॅलिफोर्नियात पहिलं वर्ष सोडलं तर किमान ८०० डॉलर आणि मॅसॅच्युसेट्समध्ये किमान ४५६ डॉलर तोट्यातही द्यावे लागतात. रिटर्नच भरलं नाही तर तपासणीची कालमर्यादा सुरूच होत नाही आणि दहा वर्षांनीही नोटीस येऊ शकते. शिवाय तोटा पुढे ओढायचा असेल, तर त्या वर्षाच्या रिटर्नमध्ये त्याची नोंद हवी. टेक्सासमध्ये २०२५ च्या अहवालासाठी २४.७ लाख डॉलरपर्यंतच्या उलाढालीवर कर नव्हता, पण कर नसला तरी माहिती अहवाल १५ मेपर्यंत द्यावाच लागतो. नाही दिला तर तिथे धंदा करण्याचा हक्क जाऊ शकतो.

दुसरी चूक मुदतवाढीची. मुदतवाढ रिटर्नची मिळते, पैशांची नाही. अंदाजे कर मूळ तारखेलाच भरावा.

मागची वर्षं राहून गेली असतील तर स्वेच्छा प्रकटीकरण कराराची (आपणहून थकबाकी कबूल करून राज्याशी तडजोड करण्याची) सोय आहे. सीपीए (अमेरिकेतला सीए) किंवा वकील कंपनीचं नाव न सांगता राज्याशी बोलतो. राज्य सहसा मागची तीन-चार वर्षं मागतं आणि दंड माफ करतं, व्याज मात्र द्यावं लागतं. अनेक राज्यांचं काम एकत्र करायचं असेल तर मल्टिस्टेट टॅक्स कमिशन या राज्यांच्या संयुक्त संस्थेमार्फत अर्ज होतो. राज्याची चौकशी किंवा प्रश्नावली आधीच आली असेल तर ही वाट सहसा बंद होते. घाईने महसूल खात्याकडे स्वतःच नोंदणी केली, तरीही अनेक राज्यांत ही सोय बंद होते. म्हणून आधी करार, मग नोंदणी.